कुलगुरूंनी आई का व्हावं?

संकटाच्या वेळी विद्यापीठाच्या प्रमुखपदी बाई असावी, कारण बाई मायेने बोलते, ऐकून घेते, तिच्या बोलण्याने पेटलेली माणसं निवतात. हे मत अलीकडे इतक्या ठिकाणी आणि इतक्या भल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतं की त्याला विरोध करणारा माणूस स्त्रियांच्याच विरोधात आहे की काय, असं समोरच्याला वाटावं. महिला दिनाच्या भाषणांत ते असतं, प्राचार्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत असतं, नेतृत्वावरच्या पुस्तकांत तर हमखास असतं. मी या मताच्या ठाम विरोधात आहे. ते चुकीचं तर आहेच, शिवाय त्याने नुकसान होतं. आधी त्या बाईचं होतं आणि पाठोपाठ, जिने आपल्या बाजूने काहीतरी करावं म्हणून विद्यार्थी वाट बघत असतात, त्या विद्यार्थ्यांचं होतं.

कोविडच्या पहिल्या लाटेत या मताला उधाण आलं. न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न, जर्मनीच्या अंगेला मेर्केल, तैवानच्या त्साई इंग-वेन यांची छायाचित्रं शेजारीशेजारी छापून आली आणि निष्कर्ष निघाला की बायका संकटात चांगलं बोलतात. यातल्या मेर्केल कशा बोलल्या होत्या ते जरा आठवू या. १५ एप्रिल २०२० च्या पत्रकार परिषदेत त्यांनी देशाला साधा हिशोब सांगितला. एक रुग्ण सरासरी १.१ जणांना लागण देत राहिला तर ऑक्टोबरमध्ये आपली रुग्णालयं अपुरी पडतील, १.२ जणांना दिली तर जुलैमध्ये, १.३ जणांना दिली तर जूनमध्येच. त्यात गहिवर नव्हता, धीराचे दोन शब्द नव्हते. क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाने लोकांना प्रौढ समजून सांगितलेली गोष्ट होती ती. ती लोकांना पटली. आणि आपण त्या बोलण्याच्या माथी मातृत्वाची चिठ्ठी चिकटवून मोकळे झालो.

त्याच वर्षाअखेरीस हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये जॅक झेंगर आणि जोसेफ फोकमन यांचं एक विश्लेषण आलं. महामारीच्या पहिल्या काही महिन्यांत सहकाऱ्यांनी स्त्री वरिष्ठांना पुरुष वरिष्ठांपेक्षा जास्त गुण दिले, असं त्यात दिसतं. हा पुरावा टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण तो नेमका कशाचा पुरावा आहे, हे बघायला हवं. सहकाऱ्यांना वरिष्ठ कसे वाटले, त्याचा तो पुरावा आहे. त्या खुर्चीपर्यंत पोचताना स्त्रियांची चाळणी किती बारीक असते, हे ज्याने कुठलीही निवड समिती आतून पाहिली आहे त्याला सांगायला नको. बारीक चाळणीतून जे वर येतं ते सरासरीपेक्षा सरस असणारच. त्यावरून स्त्रीच्या स्वभावाविषयी सिद्धांत मांडायचं काही कारण नाही.

आता विद्यापीठांकडे येऊ. ५ डिसेंबर २०२३ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या शिक्षण समितीपुढे तीन विद्यापीठप्रमुख बसल्या होत्या. हार्वर्डच्या क्लॉडिन गे, पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या लिझ मॅगिल आणि एमआयटीच्या सॅली कॉर्नब्लथ. तिघींपैकी कोणाच्याही पदाला दोन वर्षं झालेली नव्हती. गे तर जुलैमध्येच रुजू झालेल्या. ७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध यांमुळे अमेरिकन विद्यापीठांची आवारं धुमसत होती. ज्यू विद्यार्थ्यांना भीती वाटत होती आणि ती भीती खरी होती. सुनावणी पाच तासांहून जास्त चालली. लोकांच्या लक्षात राहिली ती त्यातली काही मिनिटं. खासदार एलिस स्टेफानिक यांनी विचारलं, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या आचारसंहितेच्या विरोधात आहे का, हो की नाही? तिघींनी उत्तर दिलं त्याचा मथितार्थ एकच होता: ते संदर्भावर अवलंबून आहे.

उत्तर वाईट होतं. वकिलाच्या टेबलावर ते टिकलं असतं, कारण भाषण आणि कृती यांतली सीमारेषा अमेरिकन कायद्यात खरोखरच अशी आहे. पण ज्या मुलाला वसतिगृहाबाहेर पडायची भीती वाटतेय, त्याच्यासाठी ते उत्तर नव्हतं. आधी अशा हाकेचा स्पष्ट शब्दांत धिक्कार करायचा आणि मग नियमाकडे वळायचं, एवढं तरी करता आलं असतं. त्या उत्तराची बाजू मला घ्यायचीच नाही. माझा आक्षेप त्यानंतर जे बोललं गेलं त्यावर आहे. तिघींना यंत्रासारख्या, थंड, कोरड्या म्हटलं गेलं. मॅगिल यांच्या चेहऱ्यावरच्या हसण्याची चिरफाड झाली. बायका असून यांना पाझर कसा फुटला नाही, असा सूर लागला. आणि जे एरवी स्त्रियांच्या सहानुभूतिपूर्ण नेतृत्वाचे गोडवे गातात, त्यांनीही हळहळून सांगितलं की यांनी पुरुषी शैली उचलली, आपली नैसर्गिक शैली सोडली, म्हणून घात झाला. म्हणजे निंदक आणि प्रशंसक दोघांच्याही हातात एकच मोजपट्टी होती.

ही मोजपट्टी त्या खोलीतच निकामी ठरते. समितीच्या अध्यक्ष व्हर्जिनिया फॉक्स या बाई होत्या. प्रश्न विचारणाऱ्या स्टेफानिक या बाई होत्या. उत्तरं देणाऱ्या तिघी बायका होत्या. मायेने बोलणं स्त्रीच्या स्वभावातच असेल, तर त्या दिवशी ते कोणाच्याच तोंडी कसं आलं नाही? याचं उत्तर स्वभावात सापडत नाही, सुनावणीच्या रचनेत सापडतं. प्रश्न असा बांधला होता की त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायची मुभा होती. हार्वर्ड आणि पेन यांची तयारी एकाच बड्या वकिली फर्मने करून घेतली होती, असं लगेचच वृत्तपत्रांतून बाहेर आलं. वकिलाने पढवलेला साक्षीदार वकिलासारखाच बोलणार, मग तो बाई असो की बुवा.

पुढे काय झालं ते अधिक बोलकं आहे. मॅगिल यांनी दुसऱ्या दिवशी ध्वनिचित्रफीत काढून आपलं चुकलं असं सांगितलं. पण त्यांच्याविरुद्ध देणगीदारांची मोहीम ऑक्टोबरपासूनच चालू होती, आणि त्याच आठवड्यात एका देणगीदाराने १० कोटी डॉलरची देणगी मागे घेण्याची धमकी दिली. ९ डिसेंबरला मॅगिल पायउतार झाल्या. गे यांनीही माफी मागितली. हार्वर्डच्या नियामक मंडळाने १२ डिसेंबरला त्यांना एकमुखी पाठिंबा दिला, पण तोवर वाङ्मयचौर्याचे आरोप सुरू झाले होते आणि ते वाढत गेले. ते आरोप गंभीर होते, त्यांची छाननी व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. २ जानेवारी २०२४ ला त्या गेल्या. हार्वर्डच्या इतिहासातली ही सर्वांत अल्पकाळ टिकलेली कारकीर्द. आणि कॉर्नब्लथ? त्यांचं उत्तर इतर दोघींपेक्षा मवाळ नव्हतं. पण सुनावणीनंतर दोनच दिवसांत एमआयटीच्या कार्यकारी समितीने जाहीर केलं की आम्ही यांच्या पाठीशी आहोत. त्या पदावर राहिल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने काही निवडक विद्यापीठांपुढे निधीच्या बदल्यात अटींचा करार ठेवला, तेव्हा तो सर्वांत आधी जाहीरपणे नाकारणारं विद्यापीठ एमआयटी होतं आणि नकाराच्या पत्राखाली सही कॉर्नब्लथ यांची होती.

तिघी स्त्रिया, एकच दिवस, एकच खोली, जवळजवळ एकच उत्तर. निकाल मात्र वेगळे लागले. बोलण्यामुळे हा फरक पडला म्हणणाऱ्याने तो त्यांच्या वाक्यांत दाखवून द्यावा. मला तो मंडळांच्या बैठकांत दिसतो.

चार महिन्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या मिनूश शफीक याच समितीपुढे गेल्या. आधीच्यांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. १७ एप्रिल २०२४ ला त्यांनी त्याच प्रश्नाला सरळ हो म्हटलं, समितीच्या बहुतेक म्हणण्याला मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी न्यूयॉर्क पोलिसांना आवारात बोलावलं. हिरवळीवर तंबू ठोकून बसलेल्या शंभरहून अधिक जणांना अटक झाली. प्राध्यापक बिथरले, विद्यार्थी दुप्पट चिडले, खासदार तरीही समाधानी झाले नाहीत. १४ ऑगस्टला शफीक यांनी राजीनामा दिला. एकीने संदर्भ सांगितला, ती गेली. दुसरीने संदर्भ सोडून दिला, तीही गेली. अशा वेळी आणखी एक संवादकौशल्याची कार्यशाळा भरवून काय साधणार?

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे: पुरुषही गेले. मे २०२४ मध्ये साक्ष दिलेले रटगर्सचे जोनाथन हॉलोवे आणि नॉर्थवेस्टर्नचे मायकेल शिल हे दोघेही पुढे पदांवरून बाजूला झाले. मी ते नाकारत नाही. पण त्यांच्या जाण्यावरून पुरुषांना संकटात बोलता येत नाही असा निष्कर्ष काढलेला एक तरी लेख कोणी दाखवावा. पुरुष चुकतो तेव्हा तो माणूस चुकतो. बाई चुकते तेव्हा बायका चुकतात, आणि बाई जिंकते तेव्हाही बायकाच जिंकतात.

यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. निकालांच्या तारखांमागून तारखा गेल्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. परदेशी प्रवेश हुकलेली, पदव्युत्तर प्रवेशासाठी गुणपत्रिका नसलेली मुलं कालिन्याच्या आवारात हेलपाटे घालत होती. त्यांना रोज नवं आश्वासन मिळत होतं, कधी लवकरच, कधी दोन दिवसांत, कधी काम अंतिम टप्प्यात आहे म्हणून. संकटकाळात संस्थेने कसं बोलू नये याचा तो वस्तुपाठ होता. कुलगुरू संजय देशमुख यांना आधी रजेवर पाठवलं गेलं आणि २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी त्यांना पदावरून दूर केलं. महाराष्ट्रात त्यावर रकाने भरभरून लिहिलं गेलं. तंत्रज्ञानावर लिहिलं गेलं, निविदेवर लिहिलं गेलं, घाईवर लिहिलं गेलं. देशमुखांच्या पुरुष असण्यावर एक ओळ लिहिली गेली नाही, आणि लिहायचं कारणही नव्हतं. त्या जागी बाई असती तर ही शिस्त आपण पाळली असती का? माझं उत्तर नाही असं आहे.

या सगळ्या चर्चेत संवाद म्हणजे काय हेच मुळात चुकीचं धरलेलं असतं. कॅमेऱ्यापुढचं बोलणं म्हणजे संवाद, असं गृहीत असतं. विद्यापीठाच्या संकटात निर्णायक वाक्य बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, बंद दाराआड बोललेलं असतं, किंवा बोलायचं राहून गेलेलं असतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या आवारात १८ नोव्हेंबर २०११ ला घडलेलं बघा. शुल्कवाढीच्या आणि त्याआधी बर्कलीत झालेल्या मारहाणीच्या विरोधात विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले होते. दुपारी पोलीस आले. पायवाटेवर हातात हात गुंफून खाली बसलेल्या मुलांच्या तोंडावर एका अधिकाऱ्याने, झाडांवर औषध फवारावं तसा, रमतगमत मिरपुडीचा फवारा मारला. ते चित्र जगभर गेलं. चॅन्सेलर होत्या लिंडा कॅटेही, विद्युत अभियांत्रिकीच्या नामवंत प्राध्यापक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पत्रकार परिषदेनंतर इमारतीतून बाहेर पडल्या तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो विद्यार्थी मांडी घालून बसले होते. कोणी घोषणा दिली नाही, कोणी उठलं नाही. अंधारात त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू येत राहिला आणि त्या गाडीपर्यंत चालत गेल्या. २१ तारखेला त्या विद्यार्थ्यांच्या सभेत उभ्या राहिल्या आणि माफी मागितली. मूळच्या ग्रीसच्या असलेल्या कॅटेहींनी तिथे अथेन्सच्या पॉलिटेक्निकचा उल्लेख केला. १७ नोव्हेंबर १९७३ ला लष्करी राजवटीचा रणगाडा त्या संस्थेचं फाटक मोडून आत शिरला होता. मी तेव्हा तिथे होते, असं त्या म्हणाल्या.

भावनेच्या मापाने मोजायचं तर याहून हृदयाला हात घालणारं बोलणं कोणतं असणार? तरी ते पुरलं नाही आणि पुरायला नकोच होतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती क्रुझ रेनोसो यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी गटाचा अहवाल पुढल्या एप्रिलमध्ये आला. तंबू काढायची कारवाई भरदिवसा करायचा निर्णय चॅन्सेलरांचा होता, आणि पोलिसांनी बळ वापरू नये ही आपली अपेक्षा त्यांनी पोलिसांपर्यंत नीट पोचवलीच नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आदल्या दिवसांतल्या फोनवरच्या बैठकांत एक वाक्य ठणकावून बोलायला हवं होतं: मुलांच्या अंगाला हात लागता कामा नये, लागणार असेल तर परत फिरा. ते वाक्य बोललं गेलं असतं तर नंतरच्या माफीची वेळच आली नसती. त्या वाक्याला माया लागत नव्हती. नेमकेपणा लागत होता आणि आपल्या अधिकाराची जाणीव लागत होती. पुढे २०१६ मध्ये उघड झालं की त्या घटनेच्या इंटरनेटवरच्या खुणा झाकण्यासाठी विद्यापीठाने सल्लागारांना किमान पावणेदोन लाख डॉलर मोजले होते. प्रतिमा सांभाळणं म्हणजेच संवाद, असं एकदा धरलं की माणूस इथवर येऊन पोचतो. स्त्री असण्याने कॅटेही त्यातून वाचल्या नाहीत. मिशिगन स्टेटच्या लू अॅना सायमनही वाचल्या नाहीत. तिथल्या डॉक्टरने केलेल्या अत्याचारांबद्दल दीडशेहून अधिक स्त्रिया न्यायालयात एकेक करून बोलल्या, आणि जानेवारी २०१८ मधल्या सायमन यांच्या राजीनाम्याच्या पत्रात राजकारण आणि दोषारोप यांच्याबद्दलची तक्रार होती. त्याच्या सहा वर्षांपूर्वी पेन स्टेटच्या ग्रॅहम स्पॅनियर यांनी अशाच प्रकरणात आरोपी अधिकाऱ्यांना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला होता. एक बाई, एक पुरुष. दोघांनीही आधी संस्थेला जवळ केलं.

आता उलट उदाहरण घेतो, कारण ते मला जास्त अस्वस्थ करतं. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाच्या कुलगुरू नज्मा अख्तर. एप्रिल २०१९ मध्ये त्या पदावर आल्या. जामियाच्या पहिल्या स्त्री कुलगुरू. १५ डिसेंबर २०१९ ला, रविवारी संध्याकाळी, नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनानंतर पोलीस परवानगी न घेता आवारात घुसले. ग्रंथालयात अश्रुधूर सोडला गेला. वाचनकक्षात पुस्तकं उघडून बसलेल्या मुलांवर लाठ्या पडल्या. एका विद्यार्थ्याचा एक डोळा कायमचा गेला. अख्तर यांनी त्याच सुमारास संदेश दिला की या लढाईत मुलं एकटी नाहीत, मी त्यांच्यासोबत आहे. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन त्यांनी पोलिसांच्या घुसखोरीबद्दल गुन्हा नोंदवणार असल्याचं सांगितलं. त्याच रात्री अलिगढ मुस्लिम विद्यापीठात प्रशासनाने स्वतःच पोलिसांना आत घेतलं होतं, हे ध्यानात घेतलं तर अख्तर यांच्या बोलण्याचं मोल कळतं. त्या चांगलं बोलल्या, वेळेवर बोलल्या, धैर्याने बोलल्या. संकटकाळच्या संवादाची जी काही पाठ्यपुस्तकं आहेत त्यांत हे उदाहरण शोभेल.

आणि तरी १३ जानेवारीला त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्या कार्यालयाला घेराव घातला. एका महिन्यात असं काय बदललं? शब्द बदलले नव्हते. गुन्हा नोंदला गेला नव्हता. बाहेर येऊन त्यांना सांगावं लागलं की पोलीस आमची तक्रार दाखल करून घेत नाहीत, आम्ही न्यायालयात जाऊ. दिल्लीचे पोलीस केंद्रीय गृहखात्याच्या हाताखाली. केंद्रीय विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूकही केंद्राच्या सल्ल्याने. ज्या सत्तेने नेमलं तिच्याच पोलिसांविरुद्ध त्या बाई तक्रार घेऊन उभ्या होत्या. अशा जागी बसवलेल्या माणसाच्या सहानुभूतीचं कौतुक करणं सोपं आहे. आम्ही ते केलं, भरभरून केलं, आणि तक्रार कोणी अडवली हा प्रश्न त्या कौतुकात विरून गेला. मुलांना माया हवी होती हे खरं. पण त्याहून जास्त त्यांना एक क्रमांक हवा होता, तक्रारीचा क्रमांक. तो देणं कुलगुरूंच्या हातात नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. संकटात बाईकडून जे मागितलं जातं ते बोलणं असतं, आणि जे तिच्याकडे दिलेलं नसतं ती सत्ता असते. मायेची मागणी ही या दोहोंमधली दरी झाकायची सोय आहे.

बनारस हिंदू विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये हे अगदी उघड्यावर घडलं. एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली, सुरक्षारक्षकांनी दाद दिली नाही, मुली सिंहद्वारापाशी ठाण मांडून बसल्या. त्यांची मागणी होती की कुलगुरूंनी बाहेर येऊन आमच्याशी बोलावं. कुलगुरू गिरीशचंद्र त्रिपाठी गेले नाहीत. २३ सप्टेंबरच्या रात्री लाठ्या मात्र आल्या. त्यानंतर काही दिवसांत विद्यापीठाने काय केलं? मुख्य प्रॉक्टरच्या, म्हणजे आवाराच्या शिस्तप्रमुखाच्या, पदावर पहिल्यांदाच एका स्त्री प्राध्यापकाची नेमणूक केली. त्या प्राध्यापिकेच्या योग्यतेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण शंभर वर्षांत ज्या पदावर बाई नको होती, तिथे मुलींची डोकी फुटल्यावर आठवड्याभरात बाई सापडली. मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या संशोधकांनी २००५ मध्ये याला ‘काचेचा कडा’ असं नाव दिलं. बायका संचालक मंडळावर आल्या की कंपन्या घसरतात, असा दावा लंडनच्या टाइम्सने केला होता. या दोघांनी आकडे तपासले तर क्रम उलटा निघाला. घसरण आधी झालेली असते, बाईला मग बोलावलं जातं. कोलंबियात शफीक यांच्यानंतर हंगामी प्रमुख म्हणून कॅटरीना आर्मस्ट्राँग आल्या, त्या मार्च २०२५ मध्ये गेल्यावर क्लेअर शिपमन आल्या, आणि सरकारशी २२ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या तडजोडीवर सही करायची वेळ त्यांच्या कारकिर्दीत आली. ओळीने तिघी, आणि तिन्ही वेळा कडा तोच.

आपल्या महाविद्यालयांत हीच गोष्ट लहान आकारात रोज घडते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती नेमावी लागते आणि तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची स्त्रीच असावी लागते. तरतूद योग्यच आहे. ती प्राध्यापिका स्टाफरूमच्या कोपऱ्यात, दोन तासिकांच्या मधल्या वेळात रडणाऱ्या मुलीला पाणी देते, तिचं ऐकते, तिच्या घरच्यांचे फोन घेते, नव्वद दिवसांत चौकशी संपवून अहवाल देते. पुढच्या साठ दिवसांत त्यावर कारवाई करायची जबाबदारी कायद्याने व्यवस्थापनाची. तिथे फाईल निवांत पडून राहते. मुलगी रोज येऊन विचारते कोणाला? त्या प्राध्यापिकेलाच. मुलीच्या लेखी संस्थेचा चेहरा तिचाच, आणि विश्वासघातही तिनेच केलेला. व्यवस्थापनाच्या अध्यक्षांचं नावही त्या मुलीला ठाऊक नसतं.

म्हणून संकटकाळच्या बोलण्याची माझी मागणी रुक्ष आहे, आणि ती बाई-पुरुष दोघांकडून सारखीच आहे. काय घडलं, त्यातलं आम्हाला नक्की काय माहीत आहे, पोलिसांना कोणी बोलावलं, कोणाच्या लेखी आदेशाने बोलावलं, पुढचा निर्णय कोण घेणार, कोणत्या तारखेपर्यंत घेणार, आणि तो मान्य नसेल तर कोणाकडे दाद मागायची. खाली नाव आणि सही. अशा पत्रकात हळहळीचा एक शब्द नसला तरी चालेल, कारण हे सगळं प्रामाणिकपणे सांगणं हाच मुलांचा सन्मान आहे. महाराष्ट्रात कुलगुरू राज्यपाल नेमतात, त्याआधी शोध समिती उमेदवारांच्या मुलाखती घेते. तिथे उमेदवार बाईला, तुम्ही विद्यार्थ्यांना कसं सांभाळून घ्याल, असं विचारणं बंद करावं. फाटकाशी पोलीस आले तर तुम्ही त्यांना काय सांगाल, आणि मंत्रालयातून फोन आला तर त्याला काय उत्तर द्याल, हे सगळ्यांना विचारावं.

मला विचारलं जाईल, मग विद्यापीठांच्या प्रमुखपदी बायका हव्यात की नकोत? हव्यात, खूप हव्यात, आणि सुबत्तेच्या, शांततेच्या काळातही हव्यात. पण त्या निववतात म्हणून नव्हे, तर ते पद त्यांचंही आहे म्हणून.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टेरेसा सुलिव्हन यांचं मी शेवटी सांगतो. २०१० मध्ये त्या तिथल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १० जून २०१२ ला नियामक मंडळाने त्या पायउतार होत असल्याची घोषणा केली. बदल पुरेशा वेगाने होत नाहीत हे कारण. मंडळाच्या प्रमुख हेलन ड्रॅगस याही बाईच होत्या. काही दिवसांतच प्राध्यापकांच्या सभेने मंडळावर अविश्वास व्यक्त केला. १८ जूनला सुलिव्हन मंडळापुढे लांबलचक लेखी निवेदन घेऊन गेल्या. बाहेर हिरवळीवर विद्यार्थी आणि प्राध्यापक दाटीवाटीने उभे होते. निवेदनात विनवणी नव्हती. विद्यापीठ वरून हुकूम सोडून चालत नाही, मोठे झटके दिल्याने नेतृत्व खंबीर दिसतं पण नुकसान भरून निघत नाही, मी पायरीपायरीने बदल करणारी आहे आणि ते मी विचारपूर्वक करते, असा युक्तिवाद होता. त्यात अर्थसंकल्प होता, प्राध्यापकांच्या वेतनाचा आणि गळतीचा प्रश्न होता. पुढच्या काही दिवसांत अकरापैकी दहा विद्याशाखांचे अधिष्ठाते त्यांच्या मागे उभे राहिले, राज्यपालांनी मंडळाला मुदत दिली. २६ जूनला त्याच मंडळाने सुलिव्हन यांना एकमताने परत नेमलं. त्या एकमतात ड्रॅगस यांचंही मत होतं.